कागद काढू का?

बसा रे, बसा. ढग अजून तासभर तरी हलायचे नाहीत. कॅमेरे पिशवीत घाला, दव पडायला लागलंय. आणि हा टॉर्च विझवा म्हणून मला पुन्हा सांगू नका. आल्यापासून चौथ्यांदा ऐकतोय. पांढऱ्या उजेडानं फोटो खराब होतात, अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा आंधळे होतात, सगळं ठाऊक आहे मला. तीस वर्षं फोटो छापण्यात गेली माझी. टॉर्च इथेच राहणार, खाणीच्या या कडेवर, उजाडेपर्यंत. तुमचे तारे काही कुठे पळून जात नाहीत.

का, असं विचारलंस ना रे चष्मेवाल्या? मग ऐक. पण मध्ये बोलायचं नाही.

माझ्या ओळखीतला एक जण होता. ओळखीतला कसला, दोस्तच म्हणा, पण त्या शब्दाचा आता मला राग येतो. गावात त्याचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, शाळांचे ग्रुप फोटो, असलं काम. पोट त्याच्यावर, जीव मात्र आकाशात. ग्रहण असलं की दुकानाला कुलूप लावून हा डोंगरावर. म्हणून लोकांनी त्याला नाव ठेवलं होतं, राहू. त्याला ते आवडायचं.

त्याला एक मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. चाळिशीचा गडी, गाड्यांचा मेकॅनिक, स्वतःचं गॅरेज. पोट सुटलेलं आणि तोंड सतत चालू. ताऱ्यांमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण राहूकडे गाडी नव्हती आणि मेहुण्याकडे होती, म्हणून रात्री-बेरात्री तोच त्याला घेऊन यायचा. "दाजी, तुमच्या ताऱ्यांना साप्ताहिक सुट्टी कधी असते हो?" असं विचारायचा आणि तरी यायचा. बहिणीवर जीव होता त्याचा. दाजींना अंधारात एकटं सोडायचं नाही, एवढंच त्याचं खगोलशास्त्र.

तर तीन वर्षांपूर्वीची आजचीच तारीख. अकरा ऑक्टोबर, शुक्रवारची रात्र, अमावास्या दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी राहूच्या फोनवर खबर आली की सूर्यावर मोठा भडका उडालाय आणि आज आपल्याकडूनसुद्धा अरोरा दिसण्याची शक्यता आहे. अरोरा म्हणजे तो ध्रुवाकडचा प्रकाश. तुम्ही चित्रांत बघता तो हिरवा पडदा नव्हे. आपल्या भागात फार तर उत्तरेला, क्षितिजालगत, तांबूस काहीतरी. डोळ्याला धड दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. राहू वीस वर्षं त्याची वाट बघत होता.

बारा वाजता दोघं इथे आले. गाडी लावली पलीकडे, रस्त्याच्या बाजूला, जिथे तुम्ही आज लावलीय. खाण तेव्हाही बंदच होती आणि अशीच पाण्यानं भरलेली. राहूनं ट्रायपॉड लावला तो इथे, मी बसलोय त्याच जागी. त्याला वरचं आकाश आणि पाण्यातलं आकाश, दोन्ही एका फोटोत हवं होतं.

नियम तुमचेच. पांढरा उजेड नाही. लावायचाच तर आधी विचारायचं. मेहुण्याकडे गॅरेजमधला जुना पत्र्याचा टॉर्च होता. पोचे पडलेला. त्याच्या तोंडावर लाल जिलेटीनचा कागद, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून घट्ट बसवलेला. कागद बहिणीनंच कापून दिला होता, गोल, कात्रीनं.

दीडच्या पुढे राहूला थंडी वाजायला लागली. त्यानं मेहुण्याला गाडीतलं जाकीट आणायला पाठवलं. मेहुणा म्हणाला, "स्टुडिओत बसून पासपोर्ट फोटो काढले असते तर हे जाकीट लागलं नसतं." आणि गेला. या कडेकडेनंच गेला. दुसरी वाट आहे कुठे?

दोन वाजून पाच मिनिटांनी उत्तरेला तांबडं उमटलं.

राहूनं कॅमेरा चालू केला. अर्ध्या मिनिटाची एक फ्रेम, तिच्या मागोमाग दुसरी, मग तिसरी. नंतर सगळ्या एकावर एक ठेवल्या की ताऱ्यांच्या कमानी तयार होतात. तुम्ही हेच करता. मधली एखादी फ्रेम उजेडानं वाया गेली तर कमानीत तिळाएवढी फट पडते. तिळाएवढी. लक्षात ठेवा हे.

वीस वर्षं वाट पाहिलेला रंग समोर होता. पाण्यातही उतरला होता. आणि पलीकडून आवाज आला.

"दाजी, सेल उतरलेत. पायाखालचं दिसत नाहीय. कागद काढू का?"

राहू म्हणाला, "थांब. चालू आहे."

"किती वेळ?"

"थांब म्हटलं ना."

मेहुणा गप्प बसला. तोंड सतत चालू असणारा माणूस, पण दाजींचा शब्द मोडायचा नाही. थोडा वेळ उभा राहिला असेल. मग वाटलं असेल, जाऊ हळूहळू. दाजी थंडीनं कुडकुडतायत.

मग दगड सुटल्याचा आवाज झाला. आणि पाण्याचा.

राहू कॅमेऱ्याजवळ उभा होता. त्याच्या खिशात चांगला टॉर्च होता, नवाकोरा. तो म्हणाला, म्हणजे मनात म्हणाला, दगड पडला असेल. खाणीत दगड पडतातच.

त्या रात्री त्याच्या कॅमेऱ्यानं बेचाळीस फ्रेमा घेतल्या. मग त्यानं हाका मारल्या. मग टॉर्च लावला. मग खाली उतरला.

सकाळी बाहेर काढलं मेहुण्याला. जाकीट कमरेला बांधलेलं होतं, हात मोकळे राहावेत म्हणून. त्याचा तो लाल टॉर्च सापडलाच नाही. चाळीस फूट पाणी आणि तळाला गाळ, कोण शोधणार? डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, डोक्याला फारसं लागलेलं नाही. बोटांची नखं तुटलीत. पाचेक मिनिटं तरी कपारीला धरून असावा.

हे त्याच्या बहिणीनं ऐकलं. म्हणजे राहूच्या बायकोनं. मी त्यांना वहिनी म्हणायचो. रडल्या नाहीत. नवऱ्याला एकच विचारलं, "तुम्ही खाली कधी उतरलात?"

तो म्हणाला, "लगेच."

दोन महिन्यांनी तो माझ्या लॅबमध्ये आला. त्याच्याकडे त्या रात्रीच्या फ्रेमा होत्या, सगळ्याच्या सगळ्या, आणि एकावर एक ठेवून केलेला फोटो. खोटं कशाला बोलू, इतका सुंदर फोटो मी जन्मात पाहिला नव्हता. खाली तांबडं, वर कमानी, पाण्यात पुन्हा तेच. एकही फट नाही. आणि डाव्या अंगाला, खाणीच्या कडेवर, एक बारीक लाल रेघ. चालत चालत आलेली. आणि मध्येच संपलेली.

"हे काय?" मी विचारलं.

"गाडी गेली असेल."

"कड्यावरून?"

"छाप तू," तो म्हणाला.

आणि मी छापला. ऐका नीट, मी छापला. तीन फूट रुंद, माझ्याकडच्या सगळ्यात चांगल्या कागदावर. मला कळलं नव्हतं असं समजू नका. मला कळलं होतं. पण तांबडा रंग असा काही उतरला होता कागदावर, की माझी जीभ उचललीच नाही. आज त्या जिभेचा विचार आला की तोंड कडू होतं माझं.

फोटोला प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. लोक पुढे येऊन म्हणायचे, बाकी सोडा हो, पण ती खालची लाल रेघ काय जमलीय. राहू मान हलवायचा. वहिनी फोटोसमोर उभ्या होत्या. तासभर. तिथून घरी गेल्या, त्यांनी नवऱ्याला पुन्हा विचारलं. शांतपणे, समोर बसवून. "खरं सांगा. काही असलं तरी मी ऐकून घेईन. तुम्ही कधी उतरलात?"

पुन्हा तेच. "लगेच."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "वेगवेगळ्या फ्रेमा असतील ना तुमच्याकडे? दाखवा."

नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघून जमलं नाही. कॉम्प्युटरसमोर खुर्ची दिली. त्या एकेक बघत गेल्या. रेघ पुढे सरकत होती, थोडी थोडी. विसाव्या फ्रेमपासून तिथेच थांबलेला ठिपका. सव्विसावीत पुन्हा रेघ. अठ्ठाविसावीत ती खाली वळली. एकोणतिसाव्या फ्रेममध्ये काही नव्हतं. तिसावीतही नाही. नुसता काळोख, स्वच्छ, आणि वर तारे.

"एक फ्रेम किती वेळाची?"

"अर्ध्या मिनिटाची."

बोट टेकवत त्यांनी पुढच्या मोजल्या. "चौदा."

"सात मिनिटं, वहिनी," मी म्हणालो. खाली बघून.

"आणि यातली एकही उजळलेली नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी बरोबर धरलं. त्यानं टॉर्च लावला असता, एकदा जरी लावला असता, तरी एक फ्रेम पांढरी झाली असती. तेवढीच. तिळाएवढी फट.

बेचाळीसच्या पुढे अजून पाच फ्रेमा होत्या. पूर्ण काळ्या. वहिनींनी विचारलं, या कसल्या? मी सांगितलं, काम संपलं की लेन्सला झाकण लावून काही फ्रेमा घेतात. कॅमेऱ्याचे स्वतःचे ठिपके कळावेत, ते नंतर वजा करता यावेत म्हणून. हाताला सवयच असते त्याची.

त्या म्हणाल्या, "म्हणजे झाकण लावायला वेळ मिळाला यांना."

त्याच दिवशी घर सोडलं त्यांनी. भावाच्या बायकोकडे राहायला गेल्या. आता त्या दोघीच गॅरेज चालवतात.

इथपर्यंत भुताचं नाव नाही, हो ना? माणसंच पुरेशी होती. पण पुढे ऐका. आणि जरा जवळ सरका. कडेपासून लांब.

त्या पाच काळ्या फ्रेमा मी स्वतः पाहिल्या होत्या, वहिनींच्या शेजारी उभा राहून. काही नव्हतं त्यांत. डांबरासारख्या काळ्या. जुलैमध्ये एका रात्री राहू माझ्याकडे आला. दाढी वाढलेली. खाणीवर त्या रात्री काय काय झालं ते सगळं त्यानं तेव्हाच मला सांगितलं. म्हणाला, "त्या पाच उघड."

उघडल्या. पहिल्या फ्रेममध्ये, अगदी तळाशी, एक लाल ठिपका होता. रेघ जिथे संपली होती तिथेच. त्याच्याही खाली.

म्हणालो, कॅमेऱ्याचा दोष असेल. तो म्हणाला, "फाइल तुझ्याच मशीनवर आहे. कुणी हात लावला?"

सप्टेंबरात पुन्हा आला. दुसऱ्या फ्रेममध्ये ठिपका वर चढला होता. तिसरीत कडेवर आला होता. आणि त्यानं सांगितलं, घरात दिवा मालवला की शेजारच्या खोलीतून मेहुणा विचारतो. रोज. त्याच आवाजात.

"काय विचारतो?"

"दाजी, कागद काढू का?"

"मग तू काय म्हणतोस?"

"काय म्हणणार? पडून राहतो."

"अरे, काढ म्हण की. एकदाचं म्हणून टाक."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "उजेड झाला तर दिसेल ना..."

काय दिसेल, ते त्यानं सांगितलं नाही. मी पण विचारलं नाही. म्हणालो, "वहिनींकडे जा. पाय धर. खरं काय ते तुझ्या तोंडानं सांग." तो म्हणाला, "तिला सगळं माहीत आहे. आता सांगून काय?" मी म्हणालो, "माहीत असणं वेगळं, तू सांगणं वेगळं." उठून गेला.

मग वर्ष झालं. अकरा ऑक्टोबर. त्या साली शनिवार आला होता. संध्याकाळी त्याचा फोन आला, शेवटच्या दोन फ्रेमा बघ म्हणाला. पाहिल्या. चौथीत तो उजेड इथे होता, ट्रायपॉडपासून दोन हातांवर. पाचवी फ्रेम अख्खी लाल होती. कुणीतरी लेन्सला टॉर्च चिकटवावा तशी. आणि त्या वेळी लेन्सवर झाकण होतं, पोरांनो. झाकण होतं.

"मी खाणीवर जातोय," तो म्हणाला. "आज तिथेच उत्तर देतो. तू येतोस?"

त्या रात्री दशमीचा चंद्र होता. तुमच्यातला कुणी असल्या रात्री घराबाहेर पडत नाही. चंद्र दोन वाजता मावळणार होता. म्हणजे अंधार नेमका त्याच वेळेला. मी म्हणालो, माझे गुडघे दुखतायत.

गुडघे दुखत नव्हते.

झोप कुठली येते. दोन वाजून एकोणीस मिनिटांनी फोन वाजला. त्याचाच.

"आलाय," तो म्हणाला. अगदी हळू. "पलीकडे उभा आहे. लाल दिसतंय."

"निघ तिथून."

"चालत येतोय... कडेनं..."

मग काही नाही. त्याचा श्वास. वारा.

आणि मग ऐकलं मी. या कानानं. लांबून, पाण्यावरून आल्यासारखं.

"दाजी... कागद काढू का?"

मी फोनमध्ये म्हणालो, काढ म्हण. लवकर म्हण. काढ म्हण रे.

राहू बोलला नाही.

पुन्हा आलं. जवळून. "काढू का?"

आणि राहू म्हणाला...

"थांब."

वर्षभर त्या एका शब्दापायी कुढला माणूस. तोच निघाला तोंडातून. भीतीनं म्हणा, सवयीनं म्हणा.

दगड सुटला. पाणी वाजलं.

फोन चालू होता. वर पडला असणार, गवतात. मी कानाला लावून बसलो होतो. खालून आवाज येत होते. खरवडल्यासारखे. नखांचे. एकदा माझं नाव घेतल्यासारखं वाटलं.

माझ्या घरापासून ही खाण स्कूटरवर पाच मिनिटं. मी उठलो नाही. दिवासुद्धा लावला नाही खोलीतला. हाक मारली नाही, शेजाऱ्याला उठवलं नाही. फोन धरून बसलो. मग आवाज थांबले. फोनवर वेळ दिसत होती. दोन सव्वीस.

सात मिनिटं.

उजाडल्यावर आलो मी. एकटाच. ट्रायपॉड इथे होता. कॅमेऱ्याला झाकण लावलेलं. ट्रायपॉडला टेकून हा टॉर्च उभा होता. पोचे पडलेला, पत्र्याचा, ट्यूबची पट्टी तशीच. वर्षभर पाण्याच्या तळाशी असलेली वस्तू, आणि कोरडी ठणठणीत. फक्त लाल कागद नव्हता. मी टॉर्च पिशवीत टाकला आणि मग पोलिसांना फोन केला.

राहूला दुपारी काढलं. नखं तुटलेली.

संध्याकाळी वहिनी आल्या. नवऱ्याच्या फोनमधला शेवटचा नंबर माझा होता. पोलिसांनी त्यांना सांगितलं असणार. दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. मला विचारलं, "तुम्हाला फोन आला तेव्हा तुम्ही कधी निघालात?"

मी काय म्हणालो असेन?

"लगेच."

त्यांनी मान हलवली आणि गेल्या. आजतागायत माझ्याशी बोललेल्या नाहीत. बरोबर आहे त्यांचं. आज पहिल्यांदाच बोलतोय मी हे, आणि तेही कुणाला, तर ओळखीच्या ना पाळखीच्या चार पोरांना. दर वर्षी या रात्री इथे येऊन बसतो. तुमच्यातलं कुणी कडेवर जाऊ नये म्हणून. तुमचे फोटो खराब झाले तर होऊ देत. शिव्या द्या मला.

काय म्हणतेस गं? ढग सरकले? हो, उत्तरेला मोकळं झालंय खरं. आता पाचच मिनिटं विझवा काका, एवढंच ना?

घे. तूच घे हातात. विझव.

काय झालं? विझत नाही? बटण खालीच आहे ना? बंदच आहे ते. मी कधी लावलाच नाही हा टॉर्च. मागचं झाकण फिरव आता. फिरव, घाबरू नकोस. सेल बघ आहेत का.

ठेव तो इथे. कडेवर. जपून.